घोषणांचा मेळा आणि हिशोबाचा दिवस

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये २० सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी तीन सेवा सुरू केल्या: यूपीआयला जोडता येणारे रूपे क्रेडिट कार्ड, छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट, आणि परदेशातून भारतातली बिले भरण्याची भारत बिलपेची सोय. पुढच्या वर्षी, ६ सप्टेंबर २०२३ ला, याच मेळ्यात बोलून पैसे पाठवण्याची ‘हॅलो यूपीआय’, बँकेने मंजूर केलेली पतमर्यादा यूपीआयवरून वापरण्याची सोय आणि नेटवर्क नसताना चालणारे यूपीआय लाइट एक्स आले. २०२४ मध्ये घरातल्या दुसऱ्या माणसाला आपल्या खात्यातून ठरावीक मर्यादेत खर्च करू देणारे यूपीआय सर्कल आले, एटीएममध्ये कार्डाशिवाय रोख भरण्याची सोय आली. २०२५ मध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून पैसे देण्याची वाट मोकळी झाली. चार वर्षांची ही यादी नजरेखालून घातली की एक गोष्ट ध्यानात येते. भारतात पैसे कसे द्यायचे-घ्यायचे, यातले बरेचसे बदल आता एका वार्षिक मेळ्याच्या तारखा पाहून जाहीर होतात. म्हणून या मेळ्याकडे केवळ उद्योगजगताचे संमेलन म्हणून पाहणे पुरेसे नाही. तो आपल्या सार्वजनिक जीवनाचा भाग झाला आहे आणि त्याला सार्वजनिक कसोट्या लावायला हव्यात.

हा मेळा तसा नवा आहे. २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या वर्षी, तो ऑनलाइन सुरू झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे एनपीसीआय, पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया आणि फिनटेक कन्व्हर्जन्स कौन्सिल हे त्याचे आयोजक. यातली पहिली संस्था यूपीआयची यंत्रणा चालवते, तर उरलेल्या दोन्ही या क्षेत्रातल्या कंपन्यांच्या संघटना आहेत. २०२५ च्या मेळ्याला ७५ हून अधिक देशांतले एक लाखावर लोक, साडेसात हजार कंपन्या आणि ७० नियामक संस्था येतील, असे सरकारी पत्रकात म्हटले होते. ७ ऑक्टोबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन आल्या, दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा बोलले आणि ९ ऑक्टोबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी व ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर एकाच व्यासपीठावर होते. पाच वर्षांत एवढी मजल मारणारी औद्योगिक परिषद आपल्याकडे विरळाच.

एवढे महत्त्व तिला आले कशामुळे? प्रायोजक, रोषणाई, मोठी नावे ही कारणे वरवरची आहेत. खरे कारण पैशांच्या व्यवहाराच्या रचनेत आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर चाळीस रुपये ‘स्कॅन’ केले की त्या दोन-तीन सेकंदांत देणाऱ्याचे ॲप, त्या ॲपला यूपीआयमध्ये आणणारी बँक, एनपीसीआयचा स्विच, देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि भाजीवाल्याच्या साउंडबॉक्समागची कंपनी, असे निदान पाच-सहा हात एकापाठोपाठ हलतात. यातला एक हात मागे राहिला तरी व्यवहार अडतो. साबणाची नवी वडी एखादी कंपनी एकटी बाजारात आणू शकते. पैसे देण्याची नवी पद्धत कोणालाच एकट्याने आणता येत नाही. बँकांनी आपली प्रणाली बदलली आणि ॲपवाल्यांनी नाही, तर बँकांचा खर्च वाया जातो. ॲप तयार आणि बँका थंड, तर ॲप निरुपयोगी. त्यामुळे ‘आधी तुम्ही करा, मग आम्ही’ हा या धंद्यातला कायमचा आजार आहे. आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो म्हणून विकणाराही येतो आणि घेणाराही येतो. वार्षिक मेळ्याची तारीख इथे तेच काम करते. गव्हर्नरांच्या हस्ते अमुक दिवशी सेवा सुरू होणार म्हटल्यावर त्या दिवसापर्यंत सगळ्यांना एकत्र कामाला लागावे लागते.

ही गोष्ट केवळ मुंबईची नाही. १९७३ मध्ये पंधरा देशांतल्या २३९ बँकांनी आपसांत निरोप पाठवण्यासाठी स्विफ्ट ही सहकारी संस्था काढली आणि १९७८ पासून ती दरवर्षी ‘सिबॉस’ ही परिषद भरवते. आंतरराष्ट्रीय बँकव्यवहाराचे संदेश जुन्या साच्यातून आयएसओ २००२२ या नव्या साच्यात नेण्याचे काम जगभरच्या हजारो बँकांनी वर्षानुवर्षे केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही साचे सोबत चालण्याची मुदत संपली. इतक्या बँकांना एका मुदतीवर आणायचे तर नुसती परिपत्रके पुरत नाहीत. माणसांनी समोरासमोर बसून अडचणी मांडाव्या लागतात, दुसरा कुठवर पोहोचला ते पाहावे लागते. सिंगापूरमध्ये तर २०१६ पासून तिथली मध्यवर्ती बँकच फिनटेक महोत्सव भरवते. २०१८ मध्ये मोदी यांनी तिथे बीजभाषण केले होते. म्हणजे सगळ्यांची पावले जुळवणे ही अशा परिषदेची खरी कामगिरी. पाहुण्यांची संख्या, करारनाम्यांची बेरीज हे तिचे माप नव्हे.

यूपीआय लाइटचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. यूपीआयवरचे सुमारे निम्मे व्यवहार दोनशे रुपयांपर्यंतचे होते, असा एनपीसीआयचाच हिशोब होता. चहाच्या दहा रुपयांसाठीही बँकेच्या मुख्य प्रणालीवर तेवढाच ताण येतो, जेवढा दहा हजारांसाठी येतो, आणि गर्दीच्या वेळी व्यवहार अडकण्याचे ते एक कारण. उपाय असा निघाला की ग्राहकाने एकदा पिन टाकून थोडी रक्कम फोनमधल्या लाइट खात्यात काढून ठेवायची आणि मग छोटी देणी त्यातून पिनशिवाय द्यायची. बँकेच्या प्रणालीत नोंद होते ती रक्कम काढून ठेवल्याची, त्यामुळे पासबुकातल्या बारीक नोंदींची रांगही आटोपते. सुरुवात झाली तेव्हा ही सोय भीम ॲपवर, आठ बँकांसह होती. एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये आणि शिल्लक ठेवण्याची २,००० रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यवहाराची मर्यादा ५०० रुपयांवर नेण्याचे जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती हजारावर, तर शिलकीची मर्यादा पाच हजारांवर नेण्याचा निर्णय आला. मंचावरची घोषणा ही इथे सुरुवात होती. खरे शहाणपण आले ते नंतरच्या दोन वर्षांत, लोक काय वापरतात आणि कुठे अडतात हे पाहून. ही नंतरची गोष्ट मात्र कोणत्याही उद्घाटनाच्या बातमीत येत नाही.

यावर एक आक्षेप येतो: हे सगळे मेळ्याशिवायही झालेच असते, निर्णय पतधोरणात होतात, मंचावर फक्त फीत कापली जाते. त्यात तथ्य आहे. यूपीआयवरून पतमर्यादा वापरण्याचा विचार रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ च्या पतधोरणात जाहीर केला होता आणि त्याचे परिपत्रक ४ सप्टेंबरला निघाले. पण ते परिपत्रक निघाले आणि अवघ्या दोन दिवसांत मेळ्यात सेवा सुरू झाली, हा क्रमच बोलका आहे. परवानगी पतधोरण देते; तारीख मेळा देतो. आणि जाळ्यावर चालणाऱ्या धंद्यात तारीख ही परवानगीइतकीच मोलाची असते. यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला एक हजार कोटी व्यवहारांचा टप्पा त्याने ओलांडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींचा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे १८,५८७ कोटी व्यवहार झाले, त्यांची रक्कम २६० लाख कोटी रुपयांच्या वर. अशा आवाक्याच्या यंत्रणेत बदल करताना सगळ्यांची पावले एकत्र पडणे ही चैन नाही, गरज आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच समारंभात नियामकाने प्रमुख पाहुणे म्हणून जावे का? जवळीक वाढली की धार बोथट होते, ही भीती अनाठायी नाही. पण आजवरचा पुरावा दोन्ही बाजूंनी तपासायला हवा. २०२३ च्या मेळ्यात गव्हर्नर दास यांनी फिनटेक कंपन्यांना सांगितले की तुम्ही आपली स्वयंनियामक संस्था उभारा. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या नियमांचा मसुदा आला, मे महिन्यात अंतिम चौकट आली आणि ऑगस्टमध्ये त्याच मेळ्यात त्यांनी ‘फेस’ या संस्थेला मान्यता दिल्याचे सांगितले. तीन अर्ज आले, त्यातला एकच तेव्हा मंजूर झाला. मधल्याच काळात, ३१ जानेवारी २०२४ रोजी, रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर नव्या ठेवी घेण्यास मनाई करणारी कारवाई केली. म्हणजे मंचावरच्या हस्तांदोलनाने नियामकाचे हात बांधले गेले, असे म्हणता येत नाही. उलट स्वयंनियामक संस्थेबाबत ‘मागच्या वर्षी सांगितले होते, या वर्षी काय झाले’ हा सांधा जुळला. मेळ्याचा सर्वांत चांगला उपयोग कसा होऊ शकतो, याचा तो नमुनाच.

जवळिकीची खरी अडचण वेगळी आहे. त्या सभागृहात कोणाचा आवाज जात्याच मोठा असतो, हा प्रश्न आहे. आयोजकांपैकी पेमेंट्स कौन्सिलने मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून मोठ्या व्यापाऱ्यांकडच्या यूपीआय व्यवहारांवर ०.३ टक्के शुल्क आकारू द्यावे, अशी मागणी केली. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही; त्या बदल्यात सरकार अनुदान देते. २०२४-२५ साठी छोट्या व्यापाऱ्यांकडच्या लहान व्यवहारांपुरती ही रक्कम १,५०० कोटी रुपये ठरली. यंत्रणा चालवायला पैसा लागतो आणि तो कोणाला तरी द्यावाच लागेल, हे गव्हर्नर मल्होत्रा यांनीही बोलून दाखवले आहे. त्यामुळे कौन्सिलची मागणी गैर नाही. आपल्या सभासदांची बाजू मांडणे हे संघटनेचे कामच आहे. जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने शुल्क लावण्याच्या बातम्या फेटाळल्या. पण यातून दिसते ते असे की ज्या मेळ्यात गव्हर्नर आणि मंत्री येतात, त्याच्या यजमानांत शुल्क मागणारी बाजू बसलेली आहे आणि शुल्क देणारी बाजू यजमान नाही. दोन कंपन्यांच्या ॲपवरून यूपीआयचे सुमारे ऐंशी टक्के व्यवहार होतात; एका ॲपचा वाटा तीस टक्क्यांवर नको, असा एनपीसीआयचा २०२० चा नियम मुदतवाढी घेत घेत डिसेंबर २०२६ पर्यंत लांबला आहे. अशा क्षेत्रात मंच कोणाकडे आहे, हा प्रश्न गौण राहत नाही.

सभागृहाबाहेर कोण राहतो, हे तीन प्रसंगांतून दिसते. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत अनेक छोट्या दुकानदारांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या, कारण यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे त्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या होत्या. करचुकवेगिरीचे समर्थन करायचे कारण नाही. पण ज्या नोंदी कर्ज मिळवायला उपयोगी पडतील असे दुकानदाराला सांगितले जाते, त्याच नोंदी नोटीस होऊन दारात येतात तेव्हा त्याचा विश्वास कसा टिकवायचा, हा पेमेंट्स क्षेत्राचाही प्रश्न आहे. दुसरा प्रसंग महाराष्ट्राला जवळचा. ३१ जुलै २०२४ रोजी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यानंतर एनपीसीआयने तिला तात्पुरते आपल्या जाळ्यापासून वेगळे केले. सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले. वेगळे करणे बरोबरच होते. नाहीतर बाधा पसरली असती. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्यासारख्या बँका स्वतःची मोठी तंत्रयंत्रणा न बाळगता अशाच कोणावर तरी विसंबतात. चार आठवड्यांनी मुंबईत मेळा भरला, तेव्हा गव्हर्नरांनी ग्राहकसंरक्षण आणि सायबर सुरक्षेला पाच अग्रक्रमांत स्थान दिले, हे योग्यच झाले. पण त्या तीनशेंपैकी एखाद्या बँकेच्या व्यवस्थापकाने काउंटरवर आलेल्या खातेदाराला काय सांगितले, हे मुख्य मंचावर ऐकायला मिळायला हवे. पुढच्या रचनेला उपयोग त्याचाच आहे.

तिसरा प्रसंग फसवणुकीचा. सायबर फसवणुकीत २०२४ मध्ये देशातल्या नागरिकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे गृह मंत्रालयाने संसदेत सांगितले. आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटी होता. हे सगळे यूपीआयवरचे नाही, पण त्यातला काही भाग यूपीआयच्याच एका सोयीतून गेला. ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ म्हणजे समोरच्याकडे पैसे मागण्याची विनंती. चोर ती पाठवायचा आणि फोनवर सांगायचा, ‘पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ पिन टाकला की पैसे जायचे. आधी या सोयीवर दोन हजारांची मर्यादा होती. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोयच बंद झाली. निर्णय चांगला, पण उशिराचा. सहा दिवसांनी मेळ्याचे उद्घाटन झाले. सुरू केलेल्या सेवांइतकाच मान बंद केलेल्या सोयीला मिळायला हवा: ती का आणली होती, कुठे चुकले, किती लोक पोळले, आणि नव्या सेवेत तीच फट राहू नये म्हणून काय केले.

इथे कोणी म्हणेल की तक्रारींसाठी बँकिंग लोकपाल आहे, १९३० ही मदतवाहिनी आहे, पोलीस आहेत. परिषदेत तो विषय कशाला? उत्तर सोपे आहे. लोकपाल आणि पोलीस घाव बसल्यानंतर येतात. घाव बसेल की नाही हे ठरते ते पिन कधी मागायचा, पडद्यावर कोणती सूचना दाखवायची, मर्यादा किती ठेवायची या निर्णयांत. ते निर्णय घेणारी माणसे वर्षातून एकदा एका छताखाली येतात ती इथे. मग ज्याला ते निर्णय भोगायचे, त्याला तिथे आणण्याची याहून योग्य जागा कोणती? २०२५ च्या मेळ्यात तक्रारी सोडवायला मदत करणारी ‘यूपीआय हेल्प’ ही सेवा आली. या दिशेने ते चांगले पाऊल आहे. त्यावर पहिला प्रश्न तयार असायला हवा: पुढच्या मेळ्यापर्यंत तिने किती तक्रारी निकाली काढल्या?

माझे म्हणणे एवढेच की मेळ्याचा पहिला दिवस घोषणांचा नव्हे, हिशोबाचा असावा. मागल्या वर्षी, त्याआधीच्या वर्षी इथून सुरू झालेल्या प्रत्येक सेवेचे काय झाले, हे एनपीसीआयने आकड्यांनिशी मांडावे: किती बँका आल्या, किती लोक वापरतात, किती व्यवहार फसले, किती तक्रारी आल्या. ‘हॅलो यूपीआय’ २०२३ मध्ये हिंदी आणि इंग्रजीत सुरू झाले आणि इतर प्रादेशिक भाषा लवकरच येतील असे सांगितले गेले. मराठी राज्याच्या राजधानीत दिलेला तो शब्द आहे; मराठीत ते कुठवर आले, हे इथल्या वापरकर्त्याला दरवर्षी विचारण्याचा हक्क आहे. साध्या फोनवर चालणारे यूपीआय १२३पे मार्च २०२२ मध्ये आले. स्मार्टफोन नसलेल्या शेतमजुरापर्यंत ते खरोखर पोहोचले का, हाही त्याच पठडीतला प्रश्न. या हिशोबासोबत फेरीवाले, सहकारी बँकांचे अधिकारी आणि ग्राहक संघटना यांना विनाशुल्क प्रवेश आणि मुख्य मंचावर वेळ मिळावा.

याला विरोध होईल तो असा: नवी सेवा रुजायला वेळ लागतो, वर्षभरात तिचा निकाल लावणे अन्याय्य आहे. खरे आहे. पहिल्या काही महिन्यांवरून यूपीआयला जोखले असते तर ते केव्हाच गुंडाळावे लागले असते. पण हिशोब मागणे म्हणजे निकाल लावणे नव्हे. वेळ लागतो आहे, तर तो कशामुळे लागतो हे सांगावे. यूपीआय लाइटच्या मर्यादा वाढल्या, तशी सुधारणा दाखवावी. चालले नाही, तर तेही निःसंकोच सांगावे. अपयश मांडणे हा कमीपणा ठरणार नाही, अशी जागा उद्योगाला आज मिळत नाही, आणि ती देणे हे आयोजकांच्या हातात आहे. अशा चौकशीने कंपन्या पाठ फिरवतील, ही भीतीही टिकत नाही. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय मुंबईत, एनपीसीआय मुंबईत, आणि महिन्याला दोन हजार कोटी व्यवहारांचा बाजार भारतात. त्या इथे येतात त्या बाजारासाठी आणि नियामकासाठी. थोड्या अवघड प्रश्नांनी त्यांचे येणे थांबणार नाही.

मेळा जसजसा मोठा होईल, तसतसे परदेशी पंतप्रधान, व्यापारकरार आणि सीमापार पेमेंटच्या जोडण्या यांनी त्याचे दिवस भरत जातील. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊ या पेमेंट सेवेला जोडले गेले, तशा आणखी जोडण्या होतील, आणि त्यांचे स्वागतच आहे. पण जगाला आपण जे दाखवतो आहोत, त्याचा पाया सामान्य माणसाच्या विश्वासावर उभा आहे. या देशाने कोट्यवधी लोकांना रोख सोडून फोनवर आणले ते कायद्याच्या धाकाने नव्हे; पैसे गेले तर परत मिळतील, चुकले तर कोणी ऐकून घेईल, या भरवशाने लोक आले. तो भरवसा तंत्राने एकदा मिळवता येतो; टिकवावा मात्र दरवर्षी लागतो. या उद्योगाचे सगळे निर्णयकर्ते वर्षातून तीन दिवस एकत्र येतात. त्या तीनपैकी एक दिवस आपण दिलेल्या शब्दांचा जमाखर्च मांडायला त्यांनी द्यावा, ही मागणी उद्योगाच्या विरोधात नाही. त्याच्या दीर्घायुष्याची तीच अट आहे.